‘बेड नाही’ म्हणायचा अधिकार

८ जुलै १९९२. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात एक शेतमजूर गाडीतून खाली पडला. डोक्याला जबर मार लागला. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा जखमेवर इलाज नव्हता, म्हणून त्याला पुढं पाठवलं. रात्री पावणेबाराला तो कलकत्त्यात नीलरतन सरकार रुग्णालयात पोचला. कवटीचे दोन एक्स-रे निघाले, गंभीर दुखापत दिसली, ताबडतोब दाखल करा असा शेराही पडला. पण सर्जरीच्या वॉर्डात बेड नव्हता. साडेबाराच्या आत कलकत्ता मेडिकल कॉलेज झालं: बेड नाही. एकच्या सुमारास शंभुनाथ पंडित रुग्णालय: इथं सोय नाही, मोठ्या ठिकाणी न्या. दोन वाजता नॅशनल मेडिकल कॉलेज: बेड नाही. सकाळी आठला बांगूर इन्स्टिट्यूटमध्ये, एका खासगी रुग्णालयात १,३१० रुपये भरून केलेला सीटी स्कॅन पाहिला गेला आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याचं कळलं. अशा आणीबाणीच्या रुग्णाला सांभाळणं तिथंही शक्य नव्हतं. त्यानंतरच्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. अखेर त्याला एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. दोन आठवड्यांत सुमारे १७ हजार रुपये गेले. तो वाचला.

हा माणूस सरकारपर्यंत पोचला नाही असं म्हणता येत नाही. एका रात्रीत तो सरकारच्या सात दारांशी जाऊन आला. पुढं चौकशी झाली, काही डॉक्टरांवर ठपकाही आला. आणीबाणीच्या रुग्णासाठी बेड नसला तरी कुठं तरी जागा करायला हवी होती, असा त्या चौकशीचा सूर होता. पण खरा प्रश्न त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांच्या वर जाणारा होता. पश्चिम बंग खेतमजूर समितीनं तो सर्वोच्च न्यायालयात नेला आणि ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. जीव वाचवण्यासाठी वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयानं ठरवलं. राज्यानं त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई द्यायची होती. सोयी उभारायला पैसा लागतो हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, पण पैसा नाही म्हणून घटनेनं सोपवलेलं काम टाळता येणार नाही, असं बजावलं. गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील द्यावा लागतो आणि तिथं तिजोरीची सबब चालत नाही. उपचाराच्या बाबतीतही तसंच, हा त्यांचा युक्तिवाद होता.

निकालानं कायदा स्पष्ट झाला. पण मुळात हे सरकारचं काम का, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. आजारी पडला तो एक माणूस. त्याला घर आहे, नातेवाईक आहेत, शेजारी आहेत. यात सगळ्यांच्या तिजोरीचा संबंध कुठून येतो?

या प्रश्नाला एक फार जुनं उत्तर बौद्धांच्या विनयपिटकात आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आनंदासह विहारात फिरत असताना तो दिसला. त्याच्याजवळ कोणीच का नाही, असं बुद्धानं विचारलं. तो इतर भिक्खूंच्या काहीच उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही, असं कळलं. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. कथा बहुधा इथंच संपवली जाते आणि करुणेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पण विनयात पुढं जे येतं ते अधिक महत्त्वाचं आहे. बुद्धानं भिक्खूंना एकत्र बोलावून आठवण करून दिली की, तुमची काळजी घ्यायला आता आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? आणि मग नियम घातला. आजाऱ्याला उपाध्याय असेल तर उपाध्यायानं बघावं, नाही तर आचार्यानं, शिष्यानं, सोबत्यानं. यांपैकी कोणीच नसेल तर संघानं बघायचं. न बघितल्यास तो दोष.

म्हणजे करुणेवर भिस्त ठेवून बुद्ध थांबला नाही. भली माणसं त्या विहारातही असणार, तरी एक माणूस घाणीत पडून राहिला होता. कारण त्याला बघणं हे नेमकं कोणाचंच काम ठरलेलं नव्हतं. जबाबदारीची उतरंड लावून दिली आणि तिच्या शेवटी संपूर्ण संघाला उभं केलं, तेव्हा कोणाचाच नसलेला माणूस उरला नाही. घरदार सोडून आलेल्यांच्या संघाला जे लागू होतं, ते गावातून उठून भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या माणसाला अधिकच लागू होतं. त्याच्या आजारपणात उतरंडीची वरची नावं जवळ नसतात. शेवटचं नाव तरी पक्कं असावं लागतं, आणि आजच्या समाजात ते नाव राज्यसंस्थेचंच असू शकतं.

याला कडवा विरोध करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६२ साली समतेवरच्या निबंधात म्हटलं की, उपचार मिळण्याचं योग्य कारण आजारपण हेच. पैसा हे त्याचं कारण होऊ शकत नाही. बारा वर्षांनी अमेरिकेतल्या रॉबर्ट नोझिक यांनी उलट सवाल केला. न्हाव्यानं कोणाचे केस कापावेत हे न्हावी ठरवतो, त्यानं सगळ्यात जास्त केस वाढलेल्याकडे आधी जावं असं कोणी म्हणत नाही. मग डॉक्टरच्या कौशल्यावर इतरांचा हक्क कसा काय निर्माण होतो?

डॉक्टरला वेठीला धरू नये, एवढा मुद्दा नोझिककडून घ्यायलाच हवा. पण डॉक्टर एकट्याच्या कष्टानं घडत नाही, ही गोष्ट त्यांच्या मांडणीत सुटते. आपल्याकडे ती ठळकपणे दिसते. केईएम, ससून, घाटी, मेयो या सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डांत विद्यार्थी नाडी बघायला शिकतात, सुई टोचायला शिकतात, बाळंतपण करायला शिकतात, आणि ते शिकतात तिथं आलेल्या गरीब माणसांच्या शरीरांवर. पाच-सात विद्यार्थी एकामागून एक येऊन पोट दाबून बघतात आणि खाटेवरची बाई निमूट दाबू देते. पुढं त्यातला एखादा मोठ्या शहरात नावाजलेला शल्यविशारद होतो. त्याच्या हातातल्या कौशल्यात त्या बाईचा वाटा आहे. तो हिशेब तिच्याशी वैयक्तिकरीत्या चुकता करणं त्याला शक्य नाही. समाजानं, म्हणजे सरकारनं, तो चुकता करायचा असतो. शिवाय सरकारी तिजोरीपुढं ती रिकाम्या हातानं उभी नसते. साबण, बिस्किटं, मोबाइलचा रिचार्ज, प्रत्येक खरेदीवर ती कर भरते.

बाजाराचा नियम इथं का लागू पडत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिलं होतं. आजार कधी येईल हे माहीत नसतं, आपल्याला काय हवं हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि ते सांगणाराच विकणारा असतो. बेशुद्ध माणूस घासाघीस करत नाही.

आपल्या परंपरेत या जबाबदारीला खरा अडसर नोझिकचा नाही. तो ‘प्रारब्ध’ या एका शब्दात आहे. ज्याचं त्यानं भोगायचं. सरकार काय करणार? खेड्यापाड्यांत आणि शहरांतही हे म्हटलं जातं, कधी दुःख गिळण्यासाठी, तर कधी दुसऱ्याच्या दुःखापासून हात झटकण्यासाठी. म्हणून या विषयावर चरकसंहिता काय म्हणते ते बारकाईनं बघायला हवं. विमानस्थानाचा तिसरा अध्याय साथींविषयी आहे. पांचालांच्या राजधानीत, कांपिल्यात, गंगेच्या काठानं पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर फिरत आहेत. उन्हाळा सरत आलाय. ऋतू आणि ग्रहनक्षत्रांची चिन्हं पाहून ते सांगतात की जमिनीचा कस जायच्या आत औषधी वनस्पती गोळा करून ठेवा. एकदा साथ आली की त्यांत गुण राहणार नाही. त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो, माणसांच्या प्रकृती वेगळ्या, खाणं वेगळं, ताकद वेगळी, वय वेगळं; मग एकच रोग एकाच वेळी अख्खा मुलूख कसा उद्ध्वस्त करतो?

आत्रेयांचं उत्तर असं की, माणसं वेगळी असली तरी काही गोष्टी सगळ्यांच्या एकच असतात: हवा, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की वेगवेगळ्या प्रकृतींची माणसं एकदम आजारी पडतात. आणि त्या का बिघडतात? अधर्मामुळे. हा अधर्म कोणाचा, हेही अध्यायात सांगितलं आहे. देशाचे, नगराचे, व्यापारी संघांचे प्रमुख अधर्मानं वागू लागले की त्यांच्या हाताखालचे आणि मग सामान्य लोक तो वाढवत नेतात. देवता देश सोडून जातात हा त्यातला भाग आज कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण कारणांची साखळी राज्यकर्त्यांपाशी नेऊन बांधण्याचं धाडस त्या ग्रंथात आहे. नळाला येणारं गढूळ पाणी आणि गावच्या कॉलऱ्यात मेलेलं मूल यांच्यामध्ये कोण उभं आहे, हे त्या ग्रंथाला माहीत होतं.

त्याच अध्यायात अग्निवेश दुसरा प्रश्न विचारतो: माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? प्रारब्धवाद्यांचा प्रश्न नेमका हाच. आत्रेय म्हणतात, सगळंच ठरलेलं असतं तर कोणी औषध घेतलंच नसतं, संकटापासून कोणी सावध राहिलंच नसतं. दैव असतं, पण दुबळ्या दैवावर माणसाचा प्रयत्न मात करतो. गाडीचा आस नीट वापरला तर झिजेपर्यंत चालतो. जास्त ओझं लादलं, रस्ता खराब असला, वंगण दिलं नाही तर मध्येच मोडतो. मध्येच मोडलेल्या आसाला ‘त्याची वेळ आली होती’ म्हणणं चरकाला मान्य नव्हतं. आदिवासी पाड्यावर न्यूमोनियानं दगावलेल्या तान्ह्या बाळाविषयी असं म्हणणं आज कोणालाच मान्य असता कामा नये.

महाराष्ट्रात राज्यसंस्था माणसाच्या आजारपणात पहिल्यांदा ठळकपणे शिरली ती मात्र औषधाची बाटली घेऊन नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. माजघरं, देवघरं तुडवली, संशयितांना रुग्णालयात आणि त्यांच्या माणसांना छावणीत नेलं, सामानसुमान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर असलेला त्यांचा मुलगा यशवंत पुण्याबाहेर माळावर दवाखाना चालवत होते. रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. इतिहास सांगताना या दोन घटना सहसा वेगवेगळ्या धड्यांत येतात. त्या एकत्र वाचल्या तर दिसतं ते असं: हुकूम सरकारचा होता, आणि सेवा एका विधवेनं आणि तिच्या मुलानं केली.

हुकमाचा हा अधिकार अजून सरकारपाशी आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं १८९७ चाच कायदा लागू केला. माणसं घरात कोंडली, धंदे बंद ठेवले, प्रेतं नातेवाइकांच्या हाती न देता जाळली. त्या वेळी ते करायला हवं होतं की नको हा वेगळा वाद; राज्याला ते करता आलं, हे महत्त्वाचं. एरवी आरोग्य ही प्रत्येकाची खासगी बाब असेल तर साथीच्या दिवसांत ती अचानक सार्वजनिक कशी होते? तुमच्या शरीरामुळे इतरांना धोका आहे म्हणून त्यावर सरकारचा ताबा चालत असेल, तर त्याच शरीराला धोका झाला की सरकारला बाजूला होता येणार नाही. हुकमाची जी बाजू आहे तिला देण्याची दुसरी बाजू जोडलेलीच असते.

ती दुसरी बाजू मुंबईच्या कायदेमंडळात फार लवकर मांडली गेली होती. १९२८ साली गिरण्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता द्यावा या विधेयकावर चर्चा चालू होती. हा बोजा गिरणीमालकांवर का, असा विरोधकांचा आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूनं बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ते म्हणाले. आक्षेपातला खरा भागही त्यांनी मान्य केला: हा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण जपणं हे मुख्यतः सरकारचं काम आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढं १९४६ मध्ये नाशिकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला. त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होतं: पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी पुरेशा उपचारांवाचून राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना तिथून आली. घटना लिहिताना मात्र सार्वजनिक आरोग्य ४७ व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांत गेलं, आणि ही तत्त्वं न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, असं ३७ वं कलम सांगतं. न्यायालयाला १९९६ मध्ये २१ व्या कलमाचा आधार घ्यावा लागला तो यामुळे.

मग सरकारनं द्यायचं तरी किती? सगळ्यांना सगळं? इथं दक्षिण आफ्रिकेतला एक खटला मदतीला येतो. १९९७ साली दरबानमध्ये ४१ वर्षांच्या एका माणसाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मधुमेह होता, हृदयविकार होता, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. खासगी उपचारांत पैसे संपले. ॲडिंग्टन या सरकारी रुग्णालयात डायलिसिसची २० यंत्रं होती आणि रुग्ण त्याहून फार जास्त. म्हणून रुग्णालयानं नियम केला होता: ज्यांची मूत्रपिंडं बरी होऊ शकतात किंवा ज्यांना मूत्रपिंड बसवता येईल त्यांनाच जागा. हृदयविकारामुळे तो त्यात बसत नव्हता. त्यानं घटना न्यायालयात धाव घेतली, आणि तिथं भारतातल्या त्या शेतमजुराचा निकालही विचारात आला. न्यायमूर्तींनी तो वाचला आणि फरक सांगितला. भारतातला प्रसंग अचानक झालेल्या अपघाताचा होता, तिथं दारावरून परत पाठवणं गैरच. इथं कायम चालणारा उपचार आहे, यंत्रं मोजकी आहेत, आणि कोणाला द्यायचं याचा नियम विचार करून ठरवलेला आहे व सगळ्यांना सारखा लागू आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला. काही दिवसांत तो वारला.

हा निकाल वाचताना जीव कासावीस होतो. तरीही त्यातलं तत्त्व बरोबर आहे. कोणतंही सरकार सगळ्यांना सगळं देऊ शकत नाही. जे देऊ म्हणतं ते खोटं बोलतं. नकार कधी तरी द्यावाच लागतो. प्रश्न असा की तो कोणत्या कारणानं दिला आणि ते कारण आजाऱ्याच्या तोंडावर सांगता येतं का. दरबानमध्ये ते सांगता येत होतं. कलकत्त्यात त्या रात्री तसं कोणतंच कारण नव्हतं. कोणता बेड कोणत्या रुग्णालयात रिकामा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि शोधायचं काम डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांवर टाकलं होतं. म्हणूनच १९९६ च्या निकालानं बेडची माहिती एका ठिकाणी ठेवणारी यंत्रणा आणि रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था यांचाही आदेश दिला होता. हे जमतं, हे २०२० मध्ये मुंबई महापालिकेनं दाखवलं. कोविडच्या रुग्णाला बेड कुठला द्यायचा हे वॉर्डावॉर्डातल्या वॉर रूममधून ठरू लागलं. त्याच सुमारास राज्यानं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागात साडेसात हजार, व्हेंटिलेटर असेल तर ९ हजार रुपये. अंमलबजावणीत तक्रारी खूप झाल्या. पण नियमानं वाटप करणं अशक्य आहे, असं त्यानंतर कोणाला म्हणता येणार नाही.

खासगी रुग्णालयांवर किती टाकायचं, हा प्रश्न मात्र सोपा नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रकमेचा निधी बाजूला ठेवावा लागतो. हे उपकार नव्हेत. धर्मादाय संस्था म्हणून मिळालेल्या सवलतींची ती परतफेड आहे. दाखल करण्याआधी ‘डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्या अशा संस्थेला म्हणूनच जाब विचारता येतो. गल्लीतल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमची गोष्ट वेगळी. राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, आणीबाणीत आगाऊ पैसे न घेता उपचार करा असं खासगी डॉक्टरांनाही सांगितलं, आणि डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांची एक हरकत योग्यच होती: सरकार पैसे कधी आणि किती देणार हे स्पष्ट नसेल, तर सरकारचं देणं डॉक्टरच्या खिशातून फेडल्यासारखं होतं. संघाची जबाबदारी संघानं एकाच भिक्खूच्या गळ्यात मारायची नसते.

सरकारनं हे काम विमा योजनेच्या कार्डात गुंडाळून संपवलं तर तेही अपुरंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आज कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हृदयाची, कॅन्सरची ऑपरेशनं त्यातून झाली, घरं कर्जातून वाचली. हे मोठं काम आहे. पण कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि ती परवडत नाही म्हणून सोडलेला माणूस पुढं अर्धांगवायूनं कार्डाच्या कक्षेत येतो. थायलंडनं २००१ मध्ये इतर कोणत्याही योजनेत नसलेल्या सगळ्या नागरिकांना ३० बाथमध्ये उपचार द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथं आधीची कित्येक वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालयं उभारण्यात गेली होती. कार्ड नंतर आलं, दार आधी होतं.

जवळचं दार काय करू शकतं हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून ओळखायचं असतं. पण गावच्या दायांना तितके आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एका फळीवर मणी ओवले आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अभ्यासानुसार, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून बघितलं तर या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं होतं. पुढं देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत घेतली गेली. गडचिरोलीत जे झालं ते तंत्रज्ञानाच्या अभावी अडलेलं नव्हतं. कोणी तरी त्या झोपडीपर्यंत जायचं ठरवणं, एवढंच बाकी होतं.

पैशाची बाजूही सुधारते आहे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं, आणि २०२१-२२ मध्ये, कोविडचं वर्ष असूनही, तो १.८४ टक्के होता. दरबानच्या निकालात जे अनुत्तरित राहिलं ते इथं लागू होतं. २० यंत्रांत नियमानं वाटप झालं हे ठीक, पण यंत्रं २०च का, याचं कारण त्या रुग्णाला कोणी दिलं नाही. ते कारण रुग्णालयात नसतंच, ते अर्थसंकल्पात असतं. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही म्हणून एखाद्या अडलेल्या बाईला रात्री ‘सिव्हिलला न्या’ असं सांगावं लागत असेल, तर ते पद किती वर्षं रिकामं आहे, कोणी भरलं नाही आणि त्याचे पैसे कशावर खर्च झाले, हे तिला विधानसभेकडून लेखी कळायला हवं.